वाट बघण्याची तलफ

“हिला विथड्रॉअल सुरू झालाय,” मामा म्हणाला.

ताई पोह्यांना फोडणी घालत होती. गॅस बंद करून ती तशीच वळली. “काहीतरी बोलू नकोस, मामा. माझ्या मुलीनं आजवर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही.”

“मी नावं ठेवत नाहीये गं तिला. नशा तुटली की शरीर-मन तडफडतं ना, तो विथड्रॉअल. मी ते दिवस काढलेत, म्हणून ओळखतो. झोप नाही, अन्न जात नाही, अंगाची काहिली होतेय आणि डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. वॉर्डातले माझे पहिले दिवस असेच होते.”

भाची आतल्या खोलीत दार लोटून पडली होती. तिला हे ऐकू गेलं असणार, कारण नौपाड्यातल्या त्या जुन्या घरात स्वयंपाकघरातलं सगळंच आत ऐकू जातं.

मामाच्या बोलण्याला आमच्या घरात वजन आहे आणि ते त्याने फार महागात कमावलंय. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होता. माझं सगळं शाळकरी वय तो पीत होता. मग तो पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून आला. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र तेव्हा नवंच होतं. परत आल्यावर तो पुन्हा प्यायला, पुन्हा गेला, आणि त्यानंतर ठाण्यातल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या, मीटिंगांना जो जायला लागला तो आजतागायत जातोय. दारू सोडताना हाताला सुटणारा कंप त्याने अनुभवलाय आणि नंतर वॉर्डात आलेल्या कितीतरी जणांचे हात धरलेत. असा माणूस एखाद्या तरुण मुलीकडे बघून असं म्हणतो तेव्हा ते ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकलं, मग त्यावर जमेल तेवढं वाचत गेले, आणि वाचता वाचता माझ्या स्वतःच्या विशीतलं एक प्रकरण मला नव्याने समजलं.

आधी भाचीबद्दल. ती आणि तिचं ज्याच्याशी जमलं होतं तो मुलगा, दोघंही ऐरोलीच्या आयटी पार्कात, वेगवेगळ्या कंपन्यांत. सकाळी ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावर भेटायचे आणि पनवेल किंवा वाशी, जी मिळेल ती गाडी पकडायचे. संध्याकाळी कधी तलावपाळीला एक चक्कर, कधी उपवनच्या कट्ट्यावर. घरी सगळ्यांना माहीत होतं, कुणाची हरकत नव्हती, यंदा बोलणी करायची असंही चाललं होतं. मग त्याचं काहीतरी बिनसलं. काय ते तिला अजून कळलेलं नाही. त्याने स्पष्ट नकार दिला असता तर बरं झालं असतं, असं आता आम्ही सगळेच म्हणतो. तो नाही म्हणालाच नाही, नुसता विरळ होत गेला. रोजचे फोन दोन दिवसांनी यायला लागले, मग आठवड्याने. मध्येच एखाद्या रात्री तासभर बोलायचा, अगदी पहिल्यासारखा, आणि मग पुन्हा सगळं सामसूम.

एका रविवारी मी तिच्याशेजारी बसून होते आणि नुसता तिचा अंगठा बघत होते. उशीखालून फोन निघायचा. व्हॉट्सॲप उघडायचं, त्याचं नाव, त्याचा फोटो. त्याने ‘लास्ट सीन’ बंद केलेलं, त्यामुळे नावाखाली काहीच नाही, तरी तिची नजर त्या मोकळ्या जागेवर क्षणभर थांबायची. मग इन्स्टाग्राम. अंगठ्याने पान खाली ओढायचं, सोडायचं, ते छोटं चक्र गोल फिरताना बघायचं. नवीन काही नाही. फोन उशीखाली जायचा, पण हात बाहेर यायचा नाही, तिथेच उशीच्या कडेखाली राहायचा. समोरचा चहा निवायच्या आत हे किती वेळा झालं याचा तिला पत्ता नव्हता. मी म्हटलं, “अगं, आत्ताच तर बघितलंस.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “कुठे, मावशी? मी सकाळपासून बघितलं नाहीये.” ती खोटं बोलत नव्हती. खरंच तिला कळत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला. ‘हाय, कशी आहेस’. एवढाच. पोरगी उठली, न्हायली, केस विंचरले, दोन वेळा वरणभात मागून घेतला. ताईला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुढचा मेसेज आला नाही तेव्हा ती आधीपेक्षा खोल गेली. मामाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, “घोट मिळाला तिला.”

मेंदूच्या अभ्यासकांनी हे सगळं यंत्रात घालून बघितलंय. २००५ साली हेलन फिशर, आर्थर ॲरन, ल्यूसी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच आकंठ प्रेमात पडलेल्या १७ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून आलटून पालटून दोन फोटो दाखवले, एक प्रिय व्यक्तीचा आणि एक नुसत्या ओळखीच्या माणसाचा. प्रिय व्यक्तीचा फोटो बघताना मेंदूच्या तळाशी असलेला एक चिमुकला भाग जागा होत होता. त्याचं नाव व्हेंट्रल टेगमेंटल एरिया. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि मेंदूच्या इतर भागांकडे पाठवतात. तहान-भुकेसारख्या मूलभूत ओढींशी हीच व्यवस्था जोडलेली आहे आणि कोकेन, निकोटिन, दारू हे सगळे याच व्यवस्थेवर हात ठेवतात. प्रेमात पडलेल्या माणसाला भूक लागत नाही, झोप येत नाही, तरी अंगात दहा हत्तींचं बळ असतं, ते इथून येतं.

मला जास्त अडवलं ते त्यांच्या पुढच्या अभ्यासाने. २०१० साली त्यांनी पुन्हा तेच केलं, पण या वेळी घेतलेले १५ जण नुकतेच नाकारले गेलेले आणि तरीही प्रेमात असलेले होते. जागेपणीच्या ८५ टक्क्यांहून जास्त वेळ आपण त्याच व्यक्तीचा विचार करतो, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. समोरच्याने पाठ फिरवली म्हणून मेंदू शांत झाला असेल असं आपल्याला वाटेल. तसं झालेलं नव्हतं. तोच डोपामिनचा भाग जागा होता, आणि त्याच्याबरोबर न्यूक्लियस ॲकम्बन्ससारखे भागही, जे कोकेनची तलफ आलेल्या माणसांत पेटलेले दिसतात. वस्तू हातची गेली आणि मागणी वाढली. मामाने स्वयंपाकघरात उभं राहून जे सांगितलं ते हेच होतं.

त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे. नकाराला जितके जास्त दिवस झाले होते तितकी जिव्हाळ्याशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी दिसत होती. ‘काळ हे औषध आहे’ असं आजी म्हणायची, ते यंत्रातही दिसतं म्हणायचं.

छातीत खरोखर दुखतं, असं भाची म्हणायची. ताईने ईसीजीसुद्धा काढून आणला, तो नॉर्मल आला, आणि मग घरात कुणीतरी म्हणालं की मनाचे खेळ आहेत. २०११ साली ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी अलीकडेच मनाविरुद्ध नातं तुटलेल्या ४० जणांना घेतलं. एकदा त्यांना सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला आणि एकदा हाताला सोसवेल इतका चटका दिला. शरीराच्या वेदनेची जाणीव करून देणारे मेंदूतले काही भाग दोन्ही वेळी जागे झाले. हे वाचून मी ताईला फोन केला आणि सांगितलं की तिला दुखतंय म्हणजे दुखतंय. पुन्हा घरात कुणी ते खेळ वगैरे म्हणू नका.

आता ज्याने मला माझी स्वतःची गोष्ट नव्याने दाखवली, त्याकडे येते. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते तितकंसं बरोबर नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामिन जवळजवळ संपलेल्या उंदराच्या जिभेवर गोड थेंब ठेवला तर तो अजूनही चवीने ओठ चाटतो, पण तो गोड थेंब मिळवण्यासाठी उठून जात नाही. उलटही होतं. आवडणं विझून जातं आणि हवंसं वाटणं मात्र वाढत राहतं. जुना दारुडा सांगतो की आता दारूत मजा राहिलेली नाही, आणि सांगता सांगता गुत्त्याच्या दिशेने चालत असतो. मामाच्या पिण्याच्या शेवटच्या वर्षांत मी हे डोळ्यांनी बघितलंय. ग्लास तोंडाला लावताना त्याच्या चेहऱ्यावर सुखाचा लवलेश नसायचा.

दुसरा धागा व्होल्फ्राम शुल्ट्झ यांचा. त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी एकेक करून ऐकल्या. आधी खूण दाखवायची आणि मग फळाचा रस द्यायचा. माकड शिकल्यावर त्या पेशी रस मिळाल्यावर बोलायच्या बंद झाल्या, खूण दिसताच बोलायला लागल्या. अपेक्षित वेळी रस आला नाही तर नेमक्या त्याच क्षणी गप्प व्हायच्या. २००३ साली त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. खूण दिसल्यापासून रसाची वेळ होईपर्यंतच्या मधल्या काळात या पेशींची हालचाल हळूहळू चढत जाते, आणि ती सगळ्यात जास्त कधी चढते, तर रस मिळण्याची शक्यता बरोब्बर निम्मी असते तेव्हा. नक्की मिळणार असेल तेव्हा नाही, नक्की मिळणार नसेल तेव्हाही नाही. मिळेल की नाही मिळेल, अशा अर्ध्या टांगत्या अवस्थेत मेंदू सगळ्यात जास्त ताणलेला असतो.

कबुतरांवर हेच फार आधी दिसलं होतं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली आपले प्रयोग मांडले. दर ठरावीक टोचीला दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावर लवकर नाद सोडतं. कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या, असे बेभरवशाचे दाणे मिळालेलं कबुतर दाणे बंद झाल्यावरही टोचत राहतं, टोचत राहतं. जुगाराची यंत्रं याच हिशेबावर चालतात. आणि चार वर्षं रोज फोन करणारा मुलगा जेव्हा कधी आठवड्याने, कधी मध्यरात्री, कधी नुसताच ‘हाय’ असा वागायला लागतो तेव्हा त्याच्याही नकळत तो समोरच्या मुलीला नेमकं हेच शिकवत असतो. त्याच्या मनात काही दुष्टपणा असेल असं मला वाटत नाही. स्पष्ट बोलायचं धैर्य नव्हतं. पण त्या अस्पष्टतेने जेवढी इजा केली तेवढी त्याच्या नकाराने कधीच केली नसती, एवढं मी आता खात्रीने सांगते.

मी विशीत होते तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा नंबर पी.पी. म्हणून दिलेला असायचा. ज्याच्यात माझा जीव अडकला होता तो पुण्याला शिकत होता. कधी रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून फोन करायचा, कधी करायचा नाही, न करण्याचं कारण कधी सांगायचा, कधी नाही. भिंतीपलीकडे काकूंच्या फोनची घंटी वाजली की माझं सगळं शरीर कान व्हायचं. काकू उचलायच्या, ‘हॅलो’ म्हणायच्या, आणि मग एकतर त्यांचा आवाज स्वतःच्या गप्पांत बुडून जायचा किंवा त्या गॅलरीत येऊन मला हाक मारायच्या. त्या ‘हॅलो’ आणि हाकेच्या मधल्या अवधीत मी जे जगत होते त्याच्यासारखं तीव्र मी नंतर काही जगले नाही. फोनवर तो काय बोलायचा ते आज मला फारसं आठवत नाही. अभ्यासाचं, मेसच्या जेवणाचं, कंटाळ्याचं काहीबाही. घंटी मात्र आठवते, तिचा सूर आठवतो, आणि काकूंच्या घरातला तो हिरवा फोन, ज्याच्या वायरीला माझ्या बोटांनी पीळ पडलेले असायचे.

पुढे ते नातं आपोआप संपलं. नंतर ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस सांगितलेल्या वेळी येणारा. सातला येतो म्हटलं की सातला गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांपाशी उभा. सुरुवातीला मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ती छातीतली धडधड कुठे गेली, मग हे प्रेम आहे का, असं मी एका मैत्रिणीला विचारलंही होतं. आज वाटतं, त्या धडधडीला मी प्रेमाची खूण समजत होते आणि ती होती वाट बघण्याची. किती मुली आणि किती मुलगे चांगल्या, खात्रीच्या माणसाला ‘त्याच्यात ती गोष्ट नाही’ म्हणून दूर करतात आणि झुलवणाऱ्याच्या मागे झुरतात. ती जी ‘गोष्ट’ असते तिचा बराचसा भाग अनिश्चिततेचा असतो, असं माझं ठाम मत झालंय. हे कुणी मला तेव्हा सांगायला हवं होतं. म्हणून आज लिहितेय.

याचा अर्थ प्रेम हाच आजार, असं कुणी म्हणायला लागलं तर मी त्यांच्याशी भांडेन. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ साली आपली आजारांची यादी नव्याने केली तेव्हा पदार्थांशिवायच्या व्यसनांत एकट्या जुगाराला जागा दिली. प्रेम त्यात नाही, आणि नसावंच. फिशर यांचंही म्हणणं असं होतं की ही ओढ निसर्गाने आधी दिली, माणसाने जोडीदार धरावा, पिल्लं वाढवावीत म्हणून. दारू आणि कोकेन नंतर आले आणि आयत्या बिळात शिरले. सरळ वागलेलं प्रेम हळूहळू तलफेतून बाहेर येतं. इटलीतल्या पिसा इथे दोनातेल्ला मारात्सीती यांनी १९९९ साली एक छोटा अभ्यास केला. नव्याने प्रेमात पडलेल्या २० जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनाशी संबंधित एक प्रथिन कमी आढळलं, तितकंच कमी जितकं ओसीडीच्या, म्हणजे नको असलेले तेच ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराच्या, रुग्णांत होतं. पुन्हा पुन्हा तोच विचार येण्याचं मूळ तिथे असावं. वर्ष-दीड वर्षाने त्यांतल्या काहींना परत तपासलं तर सगळं सर्वसाधारण झालं होतं. आणि म्हणून प्रेम विझतंच असंही नाही. सरासरी २१ वर्षं संसार झालेल्या आणि अजूनही जोडीदाराच्या प्रेमात असल्याचं सांगणाऱ्या १७ जणांना बियांका आसेवेदो यांनी यंत्रात बघितलं. डोपामिनचा तोच भाग त्यांच्यातही जागा होता. जोडीला जिव्हाळ्याचे भाग होते, आणि नव्या प्रेमातली धास्ती मात्र नव्हती. ओढ राहते, तगमग जाते. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या घरातला सातला येणारा माणूस अजूनही यायच्या वेळेला मी दाराकडे एकदा बघतेच.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रकारांना ही सगळी उतरंड माहीत होती. विरहाच्या दहा अवस्था त्यांनी क्रमाने लावल्या आहेत: अभिलाषा, चिंता, स्मृती, गुणकथन, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता आणि शेवटची मरण. कॉलेजात मी ही यादी पाठ केली होती ती परीक्षेपुरती. आता वाचताना चौथ्या पायरीशी थांबायला होतं. गुणकथन. भाची त्याचे गुण सांगायला लागली की तास तास सांगायची, आणि मामाच्या मीटिंगांतली माणसं दारूच्या चांगल्या दिवसांबद्दल याच सुरात बोलतात. जुन्या काव्यांत नायिकेची ही दशा झाली की सखी धावून येते. चंदनाचा लेप लावते, कमळाची पानं पसरते, वारा घालते. मला त्यातली चंदन-कमळं महत्त्वाची वाटत नाहीत. तिच्याजवळ कुणीतरी आहे, तिची अवस्था खरी मानणारं आणि उठून न जाणारं, हे महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडे सगळे उपदेश करत होते. विसरून जा. त्याच्यापेक्षा छप्पन्न मिळतील. कामात मन गुंतव. अशा मुलासाठी रडतेस, लाज नाही वाटत? दारू पिणाऱ्याला पूर्वी हेच सगळं ऐकवायचे आणि त्यातलं एकही वाक्य कुणाला सोडवायला उपयोगी पडलं नाही, असं मामा म्हणतो.

त्याने वेगळंच केलं. रोज संध्याकाळी तो तिला घेऊन तलावपाळीला जायला लागला. “आजोबा, मला चालायचं नाहीये,” ती म्हणायची. “चालू नकोस, बस. मी चालतो,” असं म्हणून तो तिथल्या मासुंदा तलावाला फेऱ्या मारायचा आणि ती कट्ट्यावर बसायची. काही दिवसांनी तीही चालायला लागली. त्याने तिला कायमचं विसरायला सांगितलं नाही. “आजच्या दिवस त्याचं पान उघडायचं नाही. उद्याचं उद्या बघू. फक्त आजचा दिवस.” तलफ आली की मला फोन कर, रात्री दोनला आली तरी कर, हेही सांगितलं. तलफ लाटेसारखी चढते, आणि ती टिपेला गेली की आपल्याला वाटतं ही आता उतरणारच नाही. ती उतरते, हे ज्याने उतरताना पाहिलंय तोच छातीठोकपणे सांगू शकतो. तिने रात्री फोन केले. तो उचलायचा आणि आपल्या कारखान्यातल्या गोष्टी सांगत बसायचा.

त्याने तिच्याकडून ठिकाणंही बदलून घेतली. सकाळची तीच गाडी, तोच डबा, उपवनचा तोच कट्टा, हे सगळं काही महिन्यांसाठी बंद. स्वतः दारू सोडली तेव्हा कारखान्यातून घरी यायचा रस्ता त्याने बदलला होता, दोन किलोमीटर जास्त पडायचे तरी. तिने कंपनीतून वेळ बदलून घेतली आणि लेडीज डब्यातून जायला लागली. मधे त्या मुलाचा वाढदिवस आला. त्या रात्री तिने सगळं उघडून बघितलं, पहिल्या मेसेजपासून. सकाळी घाबरत तिने मामाला सांगितलं. “स्लिप झाली. होते,” तो म्हणाला. “चहा पी. आजपासून परत सुरू.”

एक गोष्ट मला इथे स्पष्ट लिहायची आहे, कारण ही तुलना चुकीच्या हातात पडू शकते. ‘एकतर्फी प्रेमातून’ अशी सुरुवात असलेल्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय. मुलीचा पाठलाग, तिच्या दारात उभं राहणं, आणि त्याहून भयंकर. तलफ कुणालाही येऊ शकते, तिच्यात दोष नाही. तलफेपायी दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं हा गुन्हा आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याला व्यसनाची सबब चालत नाही, तशी यालाही चालता कामा नये. पाठलाग करणं आपल्या कायद्यात २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. घरात मुलगे वाढवणाऱ्यांनी नकार पचवण्याबद्दल लहानपणापासून बोलायला हवं, आणि मुलगा झुरत असेल तर ‘बाईसारखा काय रडतोस’ असं म्हणून त्याला एकटं सोडू नये. त्यालाही कुणीतरी तलावाभोवती फिरवायला हवं असतं.

आणि जिथे घरच्या माणसांचं बळ पुरत नाही तिथे जाणत्यांकडे जावं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. समुपदेशकाकडे जाण्याची लाज आमच्या भागातून बरीचशी गेलीय, त्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. भाची काही महिने समुपदेशनाला गेली. पहिल्या दिवशी ताई आणि मी दोघीही बरोबर होतो.

आता ती जेवते, झोपते, आणि मधे एकदा मैत्रिणींबरोबर वाशीला सागर विहारला जाऊन फ्लेमिंगोंचे फोटो काढून आणले तिने. फोन अजून उशीखालीच असतो. ताईला घाई झालीय. तिने कपाटातून भाचीची पत्रिका काढली, नातेवाइकांत शब्द टाकला, दोन स्थळंही आली. मामाने हे ऐकलं तेव्हा मी त्याला पहिल्यांदा आवाज चढवताना ऐकलं. आमच्या मीटिंगांत नव्या माणसाला सांगतात, पहिलं वर्ष मोठे निर्णय घेऊ नकोस, नवं नातं जोडू नकोस, असं तो म्हणाला. रिकामी जागा भरायला आणलेल्या नव्या माणसावरही अन्याय होतो, तिच्यावर तर होतोच. ताईने बराच वेळ विचार केला आणि पत्रिका परत कपाटात ठेवली. भावजींना मात्र अजून पटलेलं नाही. मुलीचं वय वाढतंय, हा त्यांचा मुद्दा आहे आणि बापाच्या काळजीतून आलेला आहे, त्यामुळे उडवून लावण्यासारखा नाही. येत्या रविवारी मामा आणि मी त्यांच्याशी बोलायला जाणार आहोत. भाचीनेही सांगितलंय की या वेळी ती आतल्या खोलीत बसणार नाही, तिला जे म्हणायचंय ते ती स्वतः बाबांना सांगेल.